मोनेच्या तळ्यावरचा माळी

दरवर्षी मंडळ माझ्याकडून रेल्वेवर लेख मागते. यंदा एका फ्रेंच बागेवर लिहितो. रूळ त्यातही आहेतच.

माझे वडील रेल्वेत माळी होते. कोळशाची इंजिने होती तेव्हा स्टेशनच्या बागेतली पाने ते ओल्या फडक्याने पुसत. डिप्लोमाला असताना मित्रांना मी फक्त 'वडील रेल्वेत आहेत' एवढेच सांगत असे.

चित्रकार क्लोद मोने 1883 साली जिव्हर्नी या खेड्यात राहायला गेला. हाच तो गृहस्थ, ज्याने 1877 मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनातला इंजिनांचा धूर रंगवला होता. 1890 मध्ये त्याने भाड्याचे घर विकत घेतले आणि 1893 मध्ये रुळांपलीकडची जमीन घेऊन कमळांचे तळे खोदायला काढले. परदेशी झाडांनी नदीचे पाणी नासेल, अशी गावकऱ्यांची हरकत होती. बरीच अर्जबाजी झाली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

फुलबाग अलीकडे, तळे पलीकडे, मधून सिंगल लाइन. धूर कुठे जाणार? मोनेकडे सहा माळी होते, मुख्य माळी फेलिक्स ब्रेय. त्यांतल्या एकाकडे फक्त तळे. रोज होडीतून जाऊन सुकलेली पाने-फुले काढायची आणि उरलेल्या पानांवरची काजळी व धूळ धुवायची. शेजारच्या कच्च्या रस्त्याची धूळ इतकी यायची की तो डांबरी करण्याच्या खर्चाचा वाटा मोनेने स्वतः उचलला. कमळांची सुमारे अडीचशे चित्रे त्याने काढली. सही अर्थातच एकाचीच. ट्रॅक फिट दिल्यावर गँगमनचे नाव तरी कुठे येते!

मोने 1926 मध्ये गेला. त्याची सावत्र मुलगी ब्लांश बाग पाहत होती. ती 1947 मध्ये गेल्यावर मात्र बागेचे रान झाले. 1977 पासून जेराल्द व्हान देर केम्प यांनी ती पुन्हा उभी केली आणि 1980 मध्ये लोकांना खुली झाली. रूळ केव्हाच उखडले. आता तेथे मोटाररस्ता आहे आणि तळ्याकडे भुयारी वाटेने जातात. माळी मात्र अजूनही होडीतच बसतो.

मागच्या महिन्यात हे सगळे वडिलांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पानं तळ्याच्याच पाण्यानं धुवायचा का रे? डाग राहतात."