शेजाऱ्याचा हक आणि आतषबाजीचा इतिहास

दिवाळीच्या सुमारास सणसरच्या शिवारात दोन गोष्टी बरोबरीने येतात. भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या गळीत हंगामाची तयारी सुरू होते, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन उतरतात आणि मोकळ्या रानात त्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. त्याच दिवसांत गावात फटाके वाजू लागतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री एखादा बाण वाकडा गेला की कोपीतली बाई आधी मूल उचलते आणि मग वर छपराकडे पाहते. बैल दावणीला हिसके देतात. गल्लीत कोणाच्या घरी बाळंतीण असते, कोणाचे वडील दम्याने उशाशी बसून रात्र काढत असतात. फटाके लावणारा माणूस वाईट नसतो. सकाळी तोच फराळाचे ताट घेऊन आपल्या दारी येतो. मग त्याला सांगायचे कसे, आणि सांगायचे कोणी?

आपल्यापैकी बरेच जण या ठिकाणी गप्प बसतात. मुसलमानाने दिवाळीच्या फटाक्यांबद्दल तोंड उघडले तर ती शेजाऱ्याची तक्रार राहत नाही, ती कौमची तक्रार होते, ही भीती खरी आहे. पण या गप्प बसण्यामागे एक चुकीची समजूतही आहे. ती म्हणजे फटाके ही ‘त्यांची’ चीज आहे. आम्ही एकदा वर्गात मुलांना विचारले, फटाके कोण वाजवतात? अर्ध्या वर्गाने एका सुरात दिवाळीचे नाव घेतले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, मेरे मामू की शादी में तो रात बारा बजे तक फूटे थे.” वर्ग हसला. आम्हाला मात्र धडा मिळाला.

इतिहास त्या मुलाच्या बाजूने आहे. आतषबाजी, हवाई, महताब हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. बाण संस्कृत आहे. फुलबाजीत तर इथले फूल आणि फारसी बाजी एकत्र नांदतात. शब्द इतके मिसळलेले आहेत, कारण खेळच मिसळलेला होता. चौदाव्या शतकात दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाच्या काळी शब-ए-बरातेला होणाऱ्या आतषबाजीचे वर्णन शम्स सिराज अफीफने करून ठेवले आहे. १४४३ साली शाहरुखचा वकील अब्दुर रज्जाक विजयनगरला आला, तेव्हा त्याने देवरायाच्या महानवमीच्या उत्सवात आतषबाजी पाहिली. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवरा’त देवाच्या लग्नाची आतषबाजी रंगवली. १६०९ मध्ये मलिक अंबरच्या मुलाच्या लग्नात विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने केवळ आतषबाजीवर ८० हजार रुपये उधळले, असे इतिहासकार नोंदवतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वान प. कृ. गोडे यांनी असे दाखले जमवून १४०० ते १९०० या काळातील हिंदुस्थानच्या आतषबाजीचा इतिहास लिहिला, तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचल्यावर शोभेची दारू कोणा एका धर्माच्या खात्यावर मांडता येत नाही.

याच इतिहासात दुसरी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते तीच महत्त्वाची आहे. ही आतषबाजी होत कुठे होती?

‘पेशव्यांच्या बखरी’तली एक हकिकत गोड्यांनी दिली आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवराव पेशव्यांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. तिथला राजा चार दिवस ‘दारूची लंका’ करवीत असे. राक्षस, वानर, मारुती सगळे दारूचे. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की लंका पेटत जाई. हे ऐकून पेशव्यांनाही ती पाहण्याची इच्छा झाली आणि पुण्यात तसा खेळ करवण्यात आला. बखर जागाही सांगते. कोट्याचा राजा आपली लंका नगराच्या बाहेर पेटवी. पुण्यातली लंका पेटली ती पर्वतीच्या पायथ्याशी. तेव्हा पर्वती गावाबाहेर होती. हाती सत्ता असलेल्या माणसांनीही दारूचा खेळ रयतेच्या दारात आणला नाही, रयतेला मैदानात बोलावले. खेळ करणारा कसबी आतषबाज असे. वेळ ठरलेली असे. ज्याला पाहायचे तो जाई, ज्याला नको तो घरी झोपे.

गावजत्रांत अजूनही हीच रीत दिसते. सांगली जिल्ह्यातील कवठे एकंद येथे दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे होणारे शोभेचे दारूकाम पाहायला दुरून लोक येतात. धोका तिथेही आहे. पण तिथे अख्ख्या गावाला माहीत असते की आजची रात्र दारूकामाची आहे.

मग हा खेळ मैदानातून आपल्या उंबऱ्यावर कसा आला? त्याचे एक मोठे कारण दूर तमिळनाडूत आहे. १९२३ मध्ये शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे चुलतभाऊ आगपेट्यांचे तंत्र शिकायला कलकत्त्याला गेले. गावी परतून त्यांनी आगपेट्यांचे कारखाने काढले. १९४० च्या सुमारास त्याच गावात फटाक्यांचा कारखानदारी धंदा उभा राहिला. माल स्वस्त झाला, पाकिटात आला आणि किराणा दुकानाच्या फळीवर बसला. आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडाही या धंद्यासाठी प्रसिद्ध झाले. जे काम आतषबाजाचा कसबी हात करीत होता ते दहा वर्षांच्या मुलाच्या हाती आले. खेळ गरिबाच्या घरी पोहोचला, हे चांगलेच झाले. पण मैदान मागेच राहिले आणि शेजाऱ्याला विचारायची गरज कोणाला वाटेनाशी झाली.

कायद्याने ही उणीव भरून काढायचा प्रयत्न केला आहे. १९९९ च्या अधिसूचनेने फटाक्याच्या आवाजाची मर्यादा १२५ डेसिबल ठरवली, ती फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर मोजायची. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाच्या फटाक्यांना बंदी केली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने दिवाळीच्या रात्री ८ ते १० एवढीच मुभा ठेवली. हे सगळे ठीकच. पण ४ मीटर म्हणजे सुमारे १३ फूट. आमच्याकडच्या किती गल्ल्या तेवढ्या रुंद आहेत? कायद्यातल्या फटाक्याचा आवाज ४ मीटरवर मोजतात. गल्लीतला फटाका पाळण्यापासून हातभर भिंतीपलीकडे फुटतो. नियम पाळूनही माणूस शेजाऱ्याला त्रास देऊ शकतो तो असा. उरलेले अंतर शेजारधर्मानेच भरायचे असते.

आपल्या बुजुर्गांनी हा विचार फार आधी केला होता. अकबर-जहांगीरच्या काळातले शेख अब्दुल हक मुहद्दिस देहलवी यांनी शाबान महिन्यातल्या रोषणाई आणि आतषबाजीला साफ बिदअत म्हटले. १६६७ मध्ये औरंगजेबाने सर्व सुभ्यांत आतषबाजीला मनाई केली. बिकानेरच्या अभिलेखागारात असलेल्या त्या हुकुमाच्या नोंदीत कोणत्याही एका सणाचे नाव नाही. पुढे मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘इस्लाहुर्रुसूम’ या किताबात लग्न आणि शब-ए-बरातेच्या आतषबाजीला फिजूलखर्चीत गणले. तरीही आपल्या वरातींतली दारू संपली नाही. बादशहाचा हुकूम पुरला नाही, आलिमांची नसीहतही पुरली नाही. कारण फटाका वाजवणाऱ्याला तो गुन्हा वाटत नाही, ती त्याची खुशी असते. खुशीला हुकूम कळत नाही. समोरचा माणूस कळतो.

म्हणून आम्हाला वाटते, हा विषय शेजाऱ्याच्या हक्काच्या बाजूने मांडावा. कुरआनने सूरह निसामध्ये जवळच्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही भलाईने वागायला सांगितले आहे. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही त्याच्या ईमानावरच रसूलल्लाहांनी बोट ठेवले आहे. त्या शेजाऱ्याचा धर्म कोणता, ही अट तिथे नाही. हा हक आपल्याला मागायचा असेल तर आधी द्यावा लागेल. आपल्या वरातीतल्या लडीने समोरच्या घरातले तान्हे दचकते, तेव्हा आपणही तेच करीत असतो. निवडणुकीच्या गुलालात, क्रिकेटच्या विजयात आपली पोरेही असतात. मुंबईत सुमैरा अब्दुलाली आणि त्यांचे आवाज फाउंडेशन वर्षानुवर्षे आवाज मोजत आले आहे. त्यांच्या यंत्राने गणेशोत्सव मोजला, दिवाळी मोजली आणि ईद-ए-मिलादची मिरवणूकही मोजली. यंत्राला जात नाही. तसे मोजल्यावरच बोलण्याला वजन येते.

मग ‘फटाके लावणारा शेजारी बेपर्वा आहे का?’ या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की दारात फटाका लावणे ही बेपर्वाई नाही. न विचारता, न सांगता, घड्याळ न पाहता लावणे ही आहे. ज्याने सकाळी येऊन सांगितले, “चाची, आज आठ ते नऊ वाजवणार, मुलाला आतल्या खोलीत घ्या,” त्याचा आवाजही कमी टोचतो.

आषाढीच्या वाटेवर संत तुकाराम महाराजांची पालखी सणसरला मुक्कामाला उतरते. त्या रात्री ओळखदेख नसलेल्या वारकऱ्यांच्या पाण्याची आणि निजेची काळजी गाव करते. त्यात आपली घरेही मागे नसतात. एका रात्रीच्या पाहुण्याची झोप जपणाऱ्या गावाला बाराही महिन्यांच्या शेजाऱ्याची झोप जपणे अवघड नाही. ऊस आणि कोप्यांपासून दूर एक मोकळी जागा ठरवावी, पाण्याची टाकी उभी करावी, दहाची वेळ पाळावी. दिवाळी असो की निकाह, ज्याला दारू उडवायची त्याने तिथे यावे. हे ग्रामसभेत मांडायला आपण कचरू नये. मात्र मांडताना पहिले नाव आपल्या वरातीचे घ्यावे. दिवाळीचे मग कोणालाही घेता येईल.