किंकाळ्यांपलीकडचे बीटल्स

‘रबर सोल’ ही बीटल्सची सहावी ध्वनिमुद्रिका ३ डिसेंबर १९६५ रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित झाली. त्या वेळी जॉन लेनन आणि रिंगो स्टार २५ वर्षांचे होते, पॉल मॅकार्टनी २३ वर्षांचा, तर जॉर्ज हॅरिसन अवघा २२ वर्षांचा. पहिली ध्वनिमुद्रिका येऊन पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. एवढ्या अवधीत जगभर नाव झालेल्या या चौघांनी त्याच वळणाची प्रेमगीते आणखी काही वर्षे गायली असती, तरी चाहत्यांची तक्रार नसती. ‘रबर सोल’चे महत्त्व असे, की येथे त्यांनी समोरच्या गर्दीचा विचार बाजूला ठेवला आणि घरात तबकडी लावून शांतपणे ऐकणाऱ्या श्रोत्यासाठी गाणी रचली.

त्याची निकड आदल्या उन्हाळ्यातच निर्माण झाली होती. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर त्यांच्या जेमतेम अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला ५५ हजारांहून अधिक लोक जमले. रॉक संगीताने तोवर एवढा समुदाय पाहिला नव्हता. मात्र किंकाळ्यांच्या कल्लोळात गाणे कोणालाच धड ऐकू येत नव्हते, खुद्द गाणाऱ्यांनाही नाही. वादकाला त्याचाच आवाज परत ऐकवणारे ध्वनिवर्धक तेव्हा रंगमंचावर नसत. ठेका सांभाळण्यासाठी रिंगोला पुढे उभ्या असलेल्या साथीदारांच्या हालचालींवर नजर ठेवावी लागे. चुकले तरी कळत नाही आणि साधले तरी कळत नाही, अशा जागी कलावंत फार काळ वाढू शकत नाही.

लंडनला परतल्यावर नाताळच्या बाजारासाठी नवी ध्वनिमुद्रिका देणे भाग होते. ॲबी रोडवरील ईएमआयच्या स्टुडिओत १२ ऑक्टोबरला काम सुरू झाले, तेव्हा हाताशी तयार गाणी फारशी नव्हती. महिनाभरात ती रचली गेली, बसवली गेली आणि मुद्रितही झाली. शिवाय ‘डे ट्रिपर’ आणि ‘वी कॅन वर्क इट आउट’ या दोन गाण्यांची स्वतंत्र तबकडी त्याच दिवशी बाजारात आली. मध्येच २६ ऑक्टोबरला बकिंगहॅम राजवाड्यात जाऊन चौघे ‘एमबीई’ हा किताबही घेऊन आले. ११ नोव्हेंबरची अखेरची बैठक रात्रभर चालली. तरीही एक गाणे कमी पडू लागल्याने ‘हेल्प!’च्या वेळी बाजूला ठेवलेले ‘वेट’ बाहेर काढून त्यावर नवा साज चढवण्यात आला.

घाईत केलेले काम कच्चे राहते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे तसे घडले नाही, कारण स्टुडिओचा उपयोगच बदलला होता. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील १० गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी मुद्रित झाली होती. क्लबांमध्ये रोज गाऊन घोटलेली गाणी यंत्रासमोर पुन्हा गायची, एवढेच तेव्हा काम होते. आता गाणे स्टुडिओतच घडू लागले. एखादे वाद्य घालून पाहायचे, पटले नाही तर काढून टाकायचे, प्रसंगी झालेले मुद्रण रद्द करून पुन्हा आरंभ करायचा, अशी सवय चौघांना लागली.

‘नॉर्वेजियन वुड’ हे याचे उत्तम उदाहरण. ‘हेल्प!’ चित्रपटात एका भारतीय उपाहारगृहाचा प्रसंग आहे. त्याच्या चित्रीकरणाच्या वेळी हॅरिसनच्या हाती प्रथम सतार आली. पुढे त्याने लंडनच्या ‘इंडियाक्राफ्ट’ या दुकानातून एक साधीशी सतार विकत घेतली. १२ ऑक्टोबरला पहिल्याच दिवशी हे गाणे मुद्रित झाले, पण त्यात सतारीचा भार जास्त झाला होता. ते मुद्रण बाजूला ठेवून २१ ऑक्टोबरला गाणे नव्याने करण्यात आले. ध्वनिमुद्रक नॉर्मन स्मिथ यांनाही या वाद्याने त्रास दिला. आवाज फार मोठा नसताना यंत्रावरचा काटा मात्र एकदम उसळी मारत असे.

भारतीय संगीताच्या श्रोत्याने हे गाणे ऐकले तर दोन गोष्टी चटकन ध्यानात येतात. मुख्य चरणांची सुरावट खमाज थाटात चपखल बसते. मधल्या कडव्यात साथीला कोमल गंधार लागतो आणि काफीची छाया पडते. लय दादऱ्याच्या अंगाने डोलते. लेननला थाटांची कल्पना असण्याचे कारण नव्हते. ब्रिटिश लोकगीतांतही अशा सुरावटी आढळतात आणि त्याची चाल तेथूनच आली असावी. परंतु त्यामुळे सतार त्या गाण्यात उपरी वाटत नाही. दुसरी गोष्ट अशी, की हे सतारवादन अगदी प्राथमिक आहे. आलाप नाही, झाला नाही. गाण्याचीच चाल तारांवर उमटवलेली. पं. रविशंकर यांना ते ऐकून फारसे कौतुक वाटले नव्हते, हे त्यांनी पुढे सांगितले. त्यांचे बरोबरच होते. तरीही पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या कोट्यवधी श्रोत्यांच्या कानी सतारीचा नाद पहिल्यांदा पडला तो याच दोन मिनिटांच्या गाण्यातून.

‘इन माय लाइफ’ची कथा निराळी. लेननने लिहिलेले विनोदी पुस्तक वाचून एका पत्रकाराने त्याला विचारले होते, की गाण्यांत स्वतःच्या बालपणाविषयी तो काही का लिहीत नाही? त्यातून लिव्हरपूलमधल्या एका बसप्रवासाचे लांबलचक कवन तयार झाले. वाटेत लागणाऱ्या ठिकाणांची नुसती जंत्री झाली आहे, हे लेननच्या लक्षात आले आणि त्याने सगळी नावे काढून टाकली. उरली ती माणसांची आणि जागांची आठवण. पंचविशीतल्या तरुणाने असे गाणे लिहावे, याचे नवल आजही ओसरत नाही. गाण्याच्या मध्यभागी वाद्यसंगीतासाठी मोकळी जागा सोडली होती. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ध्वनिफीत निम्म्या वेगाने फिरवून तेथे पियानो वाजवला. पूर्ण वेगाने ऐकताना तो एक सप्तक चढतो आणि जुन्या काळच्या हार्पसिकॉर्डसारखा खणखणतो. चाल नेमकी कोणाची, याविषयी मात्र लेनन आणि मॅकार्टनी यांच्या आठवणी पुढे कधीच जुळल्या नाहीत.

बाकीच्या गाण्यांतही जाणतेपणाच्या खुणा जागोजागी दिसतात. ‘नोव्हेअर मॅन’मध्ये प्रेमाचा उल्लेखही नाही, स्वतःचे मत नसलेल्या, कोठेच न पोहोचणाऱ्या माणसाचे ते चित्र आहे. ‘ड्राइव्ह माय कार’मधली नायिका चित्रपटतारका होण्याची स्वप्ने पाहते आणि नायकाला चालकाची नोकरी देऊ करते, गाडी तिच्यापाशी नसतानाही! पूर्वीच्या गाण्यांतली ‘ती’ केवळ सर्वनाम होती. येथे तिला स्वभाव लाभला. बॉब डिलनच्या गीतांचा परिणाम लेननवर झाला होताच. हॅरिसनची ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ आणि ‘इफ आय नीडेड समवन’ ही दोन गाणी घेण्यात आली. त्यांपैकी पहिल्यात मॅकार्टनीने बास गिटारचा स्वर यंत्राच्या साहाय्याने मुद्दाम खरखरीत केला आहे. बासला एरवी कोण विचारतो? या तबकडीवर तो गाण्याशी बरोबरीने संवाद करतो.

सगळेच सोने आहे असे नाही. ‘व्हॉट गोज ऑन’ हे रिंगोने गायलेले गाणे जुनेच होते आणि ते जुनेच वाटते. अखेरचे ‘रन फॉर युवर लाइफ’ तर प्रेयसीला उघड धमकी देणारे आहे. स्त्रीकडे नव्या नजरेने पाहणाऱ्या ध्वनिमुद्रिकेचा शेवट अशा गाण्याने व्हावा, ही विसंगती खटकते. लेननलाही ते पुढे नकोसे झाले होते.

वेष्टनातूनही बदल जाणवत होता. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रीमन याने काढलेले छायाचित्र पुठ्ठ्यावर पाडून पाहताना पुठ्ठा कलला आणि चेहरे ताणले गेले. चौघांना तेच आवडले. मुखपृष्ठावर ‘बीटल्स’ हा शब्दही छापला नाही. अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनीने आपल्या रिवाजाप्रमाणे १४ पैकी चार गाणी वगळली आणि ‘हेल्प!’च्या ब्रिटिश आवृत्तीतली दोन आणून जोडली. मोडतोड झालेली ही आवृत्ती ऐकूनच ‘बीच बॉईज’चा ब्रायन विल्सन अस्वस्थ झाला. एकही गाणे भरतीचे नसलेली ध्वनिमुद्रिका आपणही करायची, या ईर्षेतून त्याने १९६६ च्या मे महिन्यात ‘पेट साउंड्स’ आणली.

ज्या दिवशी ‘रबर सोल’ दुकानांत आली, त्याच दिवशी ग्लासगो येथून बीटल्सचा ब्रिटनमधला दौरा सुरू झाला. तो त्यांचा मायदेशातला अखेरचा दौरा ठरला. नव्या १४ गाण्यांपैकी ‘नोव्हेअर मॅन’ आणि ‘इफ आय नीडेड समवन’ ही दोनच रंगमंचावर आली. बाकीची तेथे आणण्याचा प्रयत्नही झाला नाही. ऑगस्ट १९६६ मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ आली आणि २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत कँडलस्टिक पार्कवर शेवटचा जाहीर तिकीटविक्रीचा कार्यक्रम झाला. त्यात ‘रिव्हॉल्व्हर’मधले एकही गाणे नव्हते.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी जॉर्ज हॅरिसन मुंबईत उतरला. पं. रविशंकर यांच्याकडे सतारीचे रीतसर शिक्षण घ्यायचे होते. ओळख लपावी म्हणून त्याने मिशा वाढवल्या होत्या आणि ताजमहाल हॉटेलात दुसऱ्याच नावाने नोंद केली होती. तरीही बातमी फुटली, हॉटेलबाहेर तरुणांची झुंबड उडाली आणि वार्ताहरांना सामोरे जाणे भाग पडले. अखेर गुरू-शिष्यांनी मुंबई सोडली आणि शिकवणी काश्मीरमध्ये सुरू झाली.