पिठाच्या डब्यावरची तारीख

फाल्गुनातली अष्टाह्निका संपली की आमच्या घरी पहिलं काम पिठाच्या डब्याचं. थंडीत दळलेलं पीठ सात दिवस चालतं, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. होळीपौर्णिमा झाली की साताचे पाच होतात. दळण आणलं की डब्यावर तारखेची चिठ्ठी लावायची, ही सासूबाईंची शिस्त. चिक्कडपल्लीत आता ऋतू ओळखायला झाडं फारशी उरली नाहीत. मला उन्हाळा लागल्याचं कळतं ते त्या चिठ्ठीवरून.

यंदा चिठ्ठी लावताना डबा ठेवायला जागा सापडेना. घरभर खोकी पडलीत. जुनं घर पाडून तिथे इमारत होणार आहे आणि आम्ही मुलाजवळ पुण्याला जायचं, असं जवळजवळ ठरलं आहे. सासूबाई खुर्चीत बसून सगळं बघतात. परवा सहज म्हणाल्या, "असाच पसारा होता गं त्या चैत्रात. नव्या पैशाच्या वर्षी."

नव्या पैशाचं वर्ष म्हणजे १९५७. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यामुळे त्याच्या आधीच्या तारखा मला पाठ आहेत. ३० सप्टेंबर १९५५ ला फाजल अली आयोगाचा अहवाल आला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरकडे गेले. तेलंगण आंध्रात मिळालं आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झालं. परीक्षेत एवढं लिहिलं की पूर्ण मार्क मिळायचे. पण राज्याचे तीन भाग झाले तसे सरकारी नोकरांचेही झाले आणि नोकरांमागून त्यांच्या घरांचे, हे मला या घरात आल्यावर समजलं.

आमचं घराणं सैतवाळ जैन, मूळ परभणीकडचं. आजेसासरे निजामाच्या काळात नोकरीसाठी इथे आले. त्यांच्या हिशेबाच्या वहीत प्रत्येक पानावर तीन तारखा आहेत. कचेरीसाठी फसली सन, व्यवहारासाठी शक आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात वीर निर्वाण संवत. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेबही त्यात जागोजागी आहे. एका घरात इतकी कालमानं आणि इतकी नाणी सुखानं नांदत होती.

त्यांची दोन्ही मुलं सरकारी कचेरीत होती. थोरले औरंगाबादला गेले, माझे सासरे हैदराबादलाच राहिले. थोरले नोव्हेंबरातच रुजू झाले. बायकामुलं मात्र शाळेचं वर्ष संपेपर्यंत इथेच होती. म्हणजे राज्य आश्विनात बदललं, पण स्वयंपाकघर बदललं चैत्रात.

तेव्हा सासूबाई सतरा वर्षांच्या, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. त्या चैत्रात काय काय बदललं ते बघा. सरकारनं नवं राष्ट्रीय पंचांग काढलं, त्याचा चैत्र २२ मार्चला लागला. आपला गुढीपाडवा आला सोमवारी, १ एप्रिलला. नेमका त्याच दिवशी देशभर नवा पैसा सुरू झाला. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस पैसे, हे सोपं. पण एका आण्याचे सव्वासहा होतात, ते द्यायचे कसे? तक्त्यात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा आणि तीन आण्यांना एकोणीस असं होतं. भाजीवाली एक-एक आण्याच्या तीन जुड्या दिल्या तरी अठरा घेईना, एकोणीसच मागे. "त्या एका पैशासाठी दारात रोज भांडण," सासूबाई हसत सांगतात. त्या तेलुगू शिकल्या त्या या भांडणांतून.

पाडव्याच्या दिवशी शेजारच्या वदिनांनी उगादी पच्चडी आणून दिली. नवी चिंच, गूळ, कैरी, मीठ, मिरची आणि कडुनिंबाचा मोहोर. आता आली पंचाईत. आपल्याकडे आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात वर्ज्य पदार्थांची नावं आहेत, त्यात आलं, लोणी यांच्याबरोबर निंबाचं फूलही आहे. एका फुलात जीव किती आणि त्यातून आपल्या पोटाला मिळणार किती, हा तिथला विचार. नव्या सुनेला शेजारणीला नाही म्हणवेना आणि खाताही येईना. तेव्हा मोठ्या जाऊबाई पुढे झाल्या. त्यांनी वदिनांना स्वयंपाकघरात नेलं, आपली गूळ घालून वाटलेली कडुनिंबाची कोवळी पानं दाखवली आणि मोडक्या तेलुगूत समजावलं की कडू आम्हीही खातो, फक्त फूल नाही. पुढच्या वर्षीपासून वदिनांकडून आमची वाटी वेगळी येऊ लागली, फुलाच्या जागी पानं घातलेली. त्या दोघी गेल्या, तरी वदिनांची सून आजही तशीच वाटी पाठवते.

ही पंचाईत सोडवणाऱ्या जाऊबाई पंधरा दिवसांत निघून गेल्या. महावीर जयंती केली, मुलांच्या परीक्षा आटोपल्या आणि काचीगुड्याहून मीटरगेजच्या गाडीनं, निजामाबाद, नांदेड, परभणी करत औरंगाबाद गाठलं. भांड्यांची वाटणी झाली. घंगाळ तिकडे, बंब इकडे. जातं एकच होतं, ते जड म्हणून राहिलं.

सासूबाईंना खरं तर जायचं होतं. त्यांचं माहेर जिंतूरचं, ते रातोरात परराज्यात गेलं होतं. आदल्या वर्षी त्या घरच्यांबरोबर कुंथलगिरीला जाऊन आल्या होत्या. शांतिसागर महाराजांची समाधी तिथे १८ सप्टेंबर १९५५ ला झाली, तेव्हा कुंथलगिरी हैदराबाद राज्यात होती. आता तीही पलीकडे. पण कुणी कुठे जायचं हे पुरुषांनी बाहेरच्या खोलीत ठरवलं. "तुला विचारलं नाही?" असं मी एकदा म्हटलं होतं, तर त्यांनी माझ्याकडे नवलानं बघितलं. विचारायची पद्धतच नव्हती.

जाऊबाई गेल्या त्या दिवशीची एक गोष्ट त्या सांगतात. तेव्हा अंगणात विहीर होती. पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेली जिवाणी अलगद त्याच विहिरीत सोडायची, दुसऱ्या पाण्यात नाही. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात तो जगतो. त्या सकाळी जिवाणी सोडताना सतरा वर्षांच्या मुलीला रडू फुटलं. "मनात आलं, या किड्यांचा इतका इचार करतो आपण. माणसाला मात्र कुठं बी उचलून टाकतेत."

सगळं वाईटच झालं असं मात्र नाही. मागे राहिलेल्या मराठी माणसांसाठी १९०७ पासूनची विवेकवर्धिनी होती, १९२२ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय होतं. सासूबाई तिथली पुस्तकं मागवून वाचत. त्यांच्या बोलण्यात 'हौ' आहे, 'नक्को' आहे, तेलुगू शिव्याही आहेत. त्या इथल्या झाल्या. पण इथलं होणं आणि इथे राहायचं ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चिठ्ठी हातात धरून मी हे सगळं आठवत होते आणि मला माझीच लाज वाटली. पुण्याचा फ्लॅट मुलानं बघितला, कागद यांनी बघितले, खोकी मी आणली. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला यंदाही कुणी विचारलेलं नाही. त्यांना काय कळतंय, सगळं त्यांच्या सोयीसाठीच तर आहे, असं मीही धरून चालले होते. बाहेरच्या खोलीत बसून ठरवणाऱ्यांत या वेळी मीसुद्धा होते.

खुर्चीजवळ बसले आणि विचारलं, "आई, तुम्हाला यायचंय का पुण्याला?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता विचारायलीस का?" राग नव्हता त्यात. थोड्या वेळानं त्यांनीच एकेक चौकशी सुरू केली. देऊळ चालत जाण्याजोगं आहे का? पाणी कुठलं, नळाचं की टँकरचं? शेजारी कोण? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. फ्लॅट किती चौरस फुटांचा आहे, तेवढं माहीत होतं.

"मग आधी बघून ये," त्या म्हणाल्या. "पाडवा इथंच करू. वाटी येईल."

रात्री यांना आणि मुलाला सांगितलं की सही पाडव्यानंतर, आईंच्या प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर. दोघंही जरा वैतागले. खोकी तशीच आहेत. डब्यावर मी पाच दिवसांची चिठ्ठी लावली आहे आणि पुढच्या आठवड्यात पुण्याला जाते आहे, देवळापर्यंत किती पावलं होतात ते मोजायला.