मताची अदब : तुर्की संभाषणांतील एक स्थित्यंतर

चारचौघांत आपलें मत सांगणें ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. मत मुळींच सांगितलें नाहीं तर माणूस मुखदुर्बळ ठरतो. ठासून सांगितलें तर उद्धट ठरतो. या दोहोंमधून वाट काढण्यासाठीं प्रत्येक सुसंस्कृत समाजानें आपापल्या भाषेंत कांहीं ठराविक शब्दप्रयोग रूढ केले आहेत. वरवर पाहणारास ते केवळ उपचाराचे वाटतात. परंतु राज्यपद्धति पालटली कीं त्यांचीही उलथापालथ होते, आणि मग त्यांत केवढा अर्थ साठविलेला होता हें ध्यानांत येतें. तुर्की भाषेचा अर्वाचीन इतिहास हें याचें बोलकें उदाहरण होय.

उस्मानी काळीं इस्तंबूलच्या सुशिक्षित मंडळींत नम्र बोलण्याची एक खास तऱ्हा होती. 'मी' म्हणण्याऐवजीं 'बेन्देनिझ' म्हणावयाचें; याचा अर्थ 'आपला बंदा'. मत 'सांगावयाचें' नाहीं, तर त्याचा 'अर्ज' करावयाचा. तें मतही 'नाचीझाने', म्हणजे एका नाचीज माणसाचें असावयाचें; आणि त्याच्याही आधीं 'माझी हद्द नसतांना' अशी प्रस्तावना व्हावयाची. चुकल्यास 'कसुराकडे पाहूं नका' ही विनंति. बंदा, अर्ज, नाचीज, हद्द, कसूर! मराठी वाचकास यांपैकीं एकाचाही अर्थ सांगावा लागत नाहीं, कारण अरबी-फारशीच्या ज्या भांडारांतून तुर्कांनीं हे शब्द घेतले, त्याच भांडारांतून ते दक्षिणेंतील दरबारांच्या द्वारें आमच्याकडेही आले. एका शब्दाची गति मात्र निराळी झाली. जो 'फिक्र' आमच्याकडे 'फिकीर' होऊन चिंतेचा वाचक झाला, तोच तुर्कीत 'फिकिर' होऊन विचार व मत या अर्थानें नांदत आहे.

या सर्व नम्रतेस निव्वळ लाचारी म्हणणें अन्यायाचें होईल. कोणी स्वतःस बंदा म्हणवून घेतलें कीं ऐकणारा लगेच 'एस्ताफुरुल्लाह' म्हणे. शब्दशः अर्थ 'मी ईश्वराची क्षमा मागतों'. भाव असा कीं, 'छे छे, असें कसें म्हणतां!' एकानें खालीं वांकावें आणि दुसऱ्यानें त्यास वांकूं देऊं नये, असा तो परस्पर सौजन्याचा व्यवहार होता. परंतु बरोबरीच्या माणसांतच हा तोल राहत असे. सुलतानापुढें वजीरही शब्दशः 'कुल', म्हणजे दास, गणला जाई. त्याचे प्राण आणि वित्त धन्याच्या मर्जीवर अवलंबून असत. त्यांस शाश्वति देणारें गुलखान्याचें फर्मान निघावयास इ. स. १८३९ हें साल उजाडावें लागलें. ज्यास आपलें मत प्राणांच्या मोलानें द्यावें लागतें, त्याच्या तोंडीं 'आपला बंदा' हा अलंकार नसून वस्तुस्थितीचें कथन असतें.

या स्थितीस पहिला उघड छेद दिला तो शिनासी या लेखकानें. इ. स. १८६० मध्यें 'तर्जुमान-ई अहवाल' हें वृत्तपत्र निघालें. त्याच्या प्रस्तावनेंत त्यानें असा युक्तिवाद केला कीं, ज्या लोकांवर कायद्यानें इतकीं कर्तव्यें लादलेलीं आहेत, त्यांस देशहिताविषयीं वाणीनें व लेखणीनें मत प्रकट करण्याचा हक्कही असलाच पाहिजे. मत ही आतां अर्जाची वस्तु राहिली नाहीं. ती हक्काची झाली. वाट अर्थातच निर्वेध नव्हती. १८७७ सालीं पहिली लोकप्रतिनिधिसभा भरली. पुढच्याच वर्षीं अब्दुल हमीदानें ती बंद केली, आणि पुन्हां भरण्यास १९०८ ची राज्यक्रांति व्हावी लागली.

१९२३ सालीं प्रजासत्ताक स्थापन झालें आणि सुधारणेची लाट खुद्द भाषेवर येऊन आदळली. १९२८ सालीं अरबी लिपि जाऊन लॅटिन लिपि आली. १९३२ सालीं परकी शब्द काढून टाकण्यासाठीं भाषामंडळ स्थापन झालें. १९३४ सालीं 'एफेंदी', 'बे', 'पाशा', 'हानिम' इत्यादि उपपदें कायद्यानें रद्द झालीं. नागरिकानें नागरिकाशीं बरोबरीनें बोलावें, हा हेतु. त्याची किंमतही थोडी पडली नाहीं. मुस्तफा कमाल यानें १९२७ सालीं सहा दिवस चालविलेलें प्रसिद्ध भाषण पुढच्या पिढीस इतकें दुर्बोध झालें कीं, १९६३ सालीं तें नव्या तुर्कीत उतरवून छापावें लागलें!

परंतु शिष्टाचार कायद्यानें मरत नाहीं. 'बे' आणि 'हानिम' हीं उपपदें नांवापुढें आजही लागतात. दूरध्वनि उचलतांना किंवा न ऐकूं आलेला प्रश्न पुन्हां विचारतांना तुर्क माणूस 'एफेंदिम' म्हणतो, म्हणजे 'माझे धनी'. 'बेन्देनिझ' मात्र जुन्या वळणाच्या किंवा थट्टेच्या बोलण्यापुरतें उरलें. त्याची जागा भरून काढणारे शब्द कोणा मंडळानें घडविले नाहींत. ते भाषेंत आधींपासून होते. 'बेन्जे' हा त्यांपैकीं मुख्य. 'बेन' म्हणजे मी. त्यास जोडलेला 'जे' हा प्रत्यय भाषांच्या नांवांस लागतो तोच. जशी तुर्कांची 'तुर्कचे', तसें माझ्यापुरतें 'बेन्जे'. दुसरा प्रयोग 'बाना कालिर्सा' : 'माझ्यावर सोंपविलें तर'. यांत वक्ता कोणाचा दास होत नाहीं. तो आपल्या मतास आपल्यापुरती सीमा घालतो, इतकेंच.

हा विवेक तुर्की व्याकरणांत फार खोल रुजलेला आहे. 'गेल्दी' म्हणजे तो आला. 'गेल्मिश' म्हणजे तो आला म्हणे, मीं पाहिलेलें नाहीं. स्वतः पाहिलेलें आणि केवळ ऐकलेलें किंवा ताडलेलें, यांस क्रियापदाचीं निरनिराळीं रूपें आहेत. अकराव्या शतकांत महमूद अल्-काशगरी यानें अरबांसाठीं तुर्की शब्दकोश रचला, त्यांतही या दोन रूपांचा हा भेद नमूद आहे.

म्हणजे नम्रता दोन प्रकारची असूं शकते. एक बोलणारास लहान करते. दुसरी त्याच्या विधानास मर्यादा घालते. पहिलीच्या पोटीं भय असूं शकतें. दुसरीच्या पोटीं सत्याची चाड असते. आमच्या घरींही वडीलधाऱ्यांपुढें मत मांडतांना 'लहान तोंडीं मोठा घास घेतों' असें म्हणण्याची रीत आहे. ती गोड आहे, सोडून द्यावी असें नाहीं. परंतु तीस उत्तर देणारा 'एस्ताफुरुल्लाह' घरांतील वडिलांपाशीं असला पाहिजे. तो नसेल तेथें मुलांनीं तोंडाचें माप सांगण्यापेक्षां 'मला असें वाटतें' एवढेंच म्हणावें, आणि वडिलांनीं तें ऐकून घ्यावें, हें अधिक बरें.