पेल्यांतील पाणी



शनिवार-रविवारची सुटी साधून पुण्यास जावें, निरनिराळ्या मळ्यांची ताजी भाजलेली कॉफी चाखावी, आणि सायंकाळीं थोड्या प्रमाणावर, विशेष निगा राखून आंबविलेल्या बिअरचे दोनचार प्रकार पाहावे, ही हौस आतां शहरोशहरीं रुजली आहे. तिची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु जालन्याहून पुण्याकडे जाणारा रस्ता ज्या मुलखांतून जातो, त्याचा इतिहास मनांत ठेवून हा प्रवास केला, तर दोन्ही पेल्यांची रुचि कांहींशी निराळी लागेल.

जालना सोडलें कीं बदनापूर तालुका लागतो. याच तालुक्यांतील रोषणगांवापाशीं १६१६ सालीं मोंगलांनीं मलिक अंबराचा पराभव केला, आणि पुढें जाऊन त्यानें वसविलेली खडकी, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, उद्ध्वस्त केली. अंबर जन्मानें हबशी. कॉफीचें मूळ रानही त्याच्याच देशांतलें. पुढच्याच वर्षीं पीटर व्हान डेन ब्रूक नांवाचा डच व्यापारी त्यास भेटला. गुजराथच्या किनाऱ्यावर जहाजें फुटल्यामुळें तो खुष्कीच्या मार्गानें मच्छलीपट्टणास निघाला होता. मोखा बंदरांत अंबर ८० गिल्डरांस गुलाम म्हणून विकला गेला, ही नोंद याच व्यापाऱ्याची. आणि त्याच मोख्यास कॉफी चाखणाऱ्या पहिल्या डचांत त्याची गणना होते. ज्या धक्क्यावरून कॉफीच्या गोणी जगभर गेल्या, त्याच धक्क्यावर दख्खनच्या एका भावी कर्त्या पुरुषाची किंमत ठरली!

या पुरुषानें खडकीस काय दिलें? पाणी दिलें. शहराबाहेरचें भूगर्भांतील पाणी नळांच्या वाटेनें, केवळ उताराच्या बळावर, शहरांत पोंचविणारी ‘नहर-ए-अंबरी’ ही त्याची खरी स्मृति.

तें शहर ओलांडून पुण्याच्या वाटेस लागलें, कीं वाळूजची उद्योगवसाहत येते. या परिसरांत बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत. बिअर म्हणजे मोड आणून वाळविलेले जव, हॉप्सचीं फुलें, किण्व आणि पाणी. त्यांत शेंकडा नव्वदांहून अधिक भाग पाण्याचाच. धुण्यासाठीं व निवविण्यासाठीं लागतें तें निराळें. कॉफींत तर पाणी शेंकडा ९८. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तेव्हां उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मराठवाड्यांतील मद्याच्या कारखान्यांचें पाणी प्रथम निम्म्यानें व मागाहून शेंकडा ६० नें कमी करण्याचा आदेश दिला. कारखान्यांवर कामगारांची भाकर अवलंबून होती, हें खरें. पण तहान भाकरीच्याही आधीची.

जालनेकरांस हा हिशेब नवा नाहीं. निजामाच्या अमदानींत बांधलेला घाणेवाडीचा तलाव गाळानें भरत चालला, तेव्हां शहरांतील नागरिकांनींच पुढाकार घेऊन तो गाळ उपसविला.

प्रवासाच्या शेवटीं पुणें येतें. तेथें २००९ सालीं ‘डूलाली’ ही राज्यांतील पहिली छोटी बिअरशाळा निघाली; तिचें नांवही देवळालीच्या लष्करी छावणीवरून पडलेलें. तेथील रसिक जव कोणते आणि कॉफी कोणत्या मळ्याची, हें मोठ्या आस्थेनें विचारतात. जालन्याहून आलेल्या पाहुण्यानें तिसरा प्रश्न विचारावा: पाणी कोठलें? तो विचारण्याचा अधिकार त्याच्या मुलखानें त्यास दिला आहे.