पायाखालचा दगड, कमरेचे शिसे



आखातात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी बहारीनच्या मुहर्रकमधील मोत्यांचा मार्ग पाहिला असेल. २०१२ साली युनेस्कोने तो जागतिक वारशाच्या यादीत घेतला. तिथे पाहुण्यांचे लक्ष मोत्यांकडे आणि व्यापाऱ्यांच्या देखण्या घरांकडे जाते. मला मात्र आज तुमच्याशी एका ओबडधोबड वस्तूविषयी बोलायचे आहे. ती म्हणजे पाणबुड्या पायात अडकवून बुडी मारायचा तो दगड. आपली मुले-नातवंडे आता याच समुद्रात कमरेला शिसे बांधून स्कूबा डायव्हिंग शिकतात, आणि त्या शिशाचे निम्मे मर्म या दगडात आहे.

माणूस छातीभर श्वास घेऊन खाऱ्या पाण्यात शिरला की तरंगतो. हातपाय मारून खाली जाता येते, पण त्यात दम संपतो. मोती काढणाऱ्याकडे एका बुडीसाठी मिनिट-दीड मिनिट असे. ते खाली पोचण्यातच गेले तर शिंपले कधी गोळा करणार? म्हणून वजन. दगडाला दोरीचा फासा असे आणि त्यात रिकिबीत ठेवावा तसा पाय ठेवायचा. नाकाला कासवाच्या पाठीचा किंवा शिंगाचा चिमटा, त्याला फिताम म्हणत. गळ्यात जाळीची टोपली. बोटीवरच्या माणसाने दोर सैल सोडला की पाणबुड्या सरळ तळाला. पाय टेकताच तो फाशातून पाय काढी आणि दगड लगेच वर ओढला जाई. शिंपले वेचून झाले की दुसऱ्या दोराला हिसका द्यायचा, मग वरचा माणूस त्यालाही ओढून घेई.

पाणबुड्या म्हणजे घैस, ओढणारा सैब आणि बोटीचा प्रमुख नाखुदा. आपल्या कोळीवाड्यातला ‘नाखवा’ याच फारसी शब्दातून आला. या बोटींचा माल शेवटी मुंबईला येई. आखातातल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईच होती, आणि कुवेत, बहारीन, दुबईचे व्यापारी तिथे महिनोन्‌महिने मुक्काम करीत. पाणबुड्याच्या वाट्याला काय येई, हा प्रश्न निराळा. हंगामाआधी घेतलेली उचल फिटत नसे आणि बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर बसे. एकोणीसशे तीसच्या सुमारास जागतिक मंदी आली, जपानचे संवर्धित मोती आले, आणि तो सारा धंदा बसला.

पण दगडाकडे परत येऊ. आखाती पद्धतीत वजन फक्त खाली जाण्यापुरते होते. तळाशी माणूस मोकळा असे. ग्रीक बेटांवरच्या स्पंजवाल्यांची रीत वेगळी होती. त्यांचा चपटा, गुळगुळीत दगड दोरीने बांधलेला असे. तो हातात धरून, कलता करून खाली जाताना दिशा बदलायची आणि परतताना त्याच्यावरच उभे राहून वर यायचे. १९१३ साली स्टॅथिस हाजिस नावाच्या अशाच एका स्पंजवाल्याने कार्पाथोस बेटाजवळ सत्तर मीटरांहून खोल जाऊन इटालियन युद्धनौकेचा हरवलेला नांगर शोधला होता.

मधल्या काळात युरोपात ऑगस्टस सीब यांचा बंद शिरस्त्राणाचा पोशाख आला होता (१८३७). छातीवर शिसे, पाठीवर शिसे, बुटांच्या तळाला शिसे. पोशाखात हवा भरलेली, म्हणून तिला दाबून धरायला एवढा बोजा लागे. असा माणूस समुद्राच्या तळावर चालत असे. आखातातल्या मोत्यांच्या जागांवर मात्र या साधनांना मज्जाव होता.

मग १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग तयार केले आणि माणूस पाण्यात ना बुडणारा ना तरंगणारा असा अधांतरी राहू लागला. इथे वजनाचे कामच बदलले. आता ते शेवटपर्यंत अंगावर राहणार, म्हणून मोजून घ्यावे लागते.

हे मोजणे म्हणजे शाळेतला आर्किमिडीज. साधा दगड पाण्यात आपले एक तृतीयांशाहून जास्त वजन गमावतो. शिसे पाण्याच्या सव्वाअकरा पट जड, त्यामुळे पाच किलोचे शिसे पाण्यातही साडेचार किलोंचे काम करते. दुसरे, पाणी किती खारे? सामान सकट शंभर लिटर जागा व्यापणाऱ्या माणसाला तलावापेक्षा समुद्रात अडीच किलो अधिक लागतात. आखात तर नेहमीच्या समुद्राहून खारट, तिथे आणखी अर्धा किलो धरा. सुट्टीत मालवण-तारकर्लीला बुडी मारायला गेलात तर इथला आकडा तिथे सांगू नका. तिसरे, वेटसूट. त्याच्या रबरात हवेचे बुडबुडे असतात. बहारीन-कुवेतकडे हिवाळ्यात पाणी वीस अंशांखाली जाते, तेव्हा जाड सूट आणि जास्त शिसे. उन्हाळ्यात पातळ सूट, तेव्हा पट्ट्यातून तुकडे काढायला हवेत. पुष्कळ जण काढत नाहीत.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. सिलिंडरमधल्या हवेलाही वजन असते. बारा लिटरच्या भरलेल्या टाकीतून बुडीभरात दोन किलोंहून अधिक हवा संपते, म्हणजे माणूस शेवटी हलका होतो. म्हणून वजनाची परीक्षा बुडी संपताना घ्यावी. टाकीत पन्नास बार उरले असता, जॅकेट रिकामे करून, साधा श्वास धरून पृष्ठभागाशी स्थिर राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला हवे आणि श्वास सोडताच हळूहळू खाली जायला हवे. झर्रकन खाली गेलात तर शिसे जास्त आहे. जास्त शिसे घेणारा जॅकेटमध्ये जास्त हवा भरतो, पाय खाली लोंबतात, प्रवाळ तुडवले जाते, आणि वर येताना तीच हवा फुगून माणसाला अनावर वेगाने वर फेकू शकते.

शिशाची निगा सोपी, पण ती कोणी गंभीरपणे घेत नाही. पट्टा आणि बक्कल गोड्या पाण्याने धुवा, कारण मीठ आणि वाळू बसली की बक्कल अडते. उघडे शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवा. ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये, मुलांच्या हाती देऊ नये. वेष्टण असलेले तुकडे मिळतात, ते बरे. छऱ्यांची पिशवी उसवली तर बदला. घरी वितळवून ओतण्याचा उद्योग तर मुळीच नको, त्याची वाफ विषारी असते.

आणि बक्कल अडता कामा नये, याचे कारण आखाती पाणबुड्याला विचारावे. तो तळाशी पोचताच दगडातून पाय काढी. आजच्या अपघातांच्या चौकशांत पुन्हा पुन्हा हेच आढळते की बुडालेल्या माणसाच्या कमरेचा पट्टा तसाच बांधलेला होता. पृष्ठभागावर आलात, तरंगता येत नाही, दम लागला, तर शिसे सोडून द्या. ते पुन्हा विकत मिळते. खोलवर असताना मात्र हा अगदी शेवटचा उपाय, कारण तिथे वजन सोडले की वर जाण्याचा वेग आवरत नाही.

पट्टा उजव्या हाताने एका झटक्यात सुटेल असा बांधण्याचा रिवाज आहे. बाकी कोणताही पट्टा त्याच्यावरून जाऊ देऊ नका. आता बोटीवर दोर धरून बसलेला सैब नाही, त्याची जागा जोडीदाराने घेतली आहे. तेव्हा उतरण्यापूर्वी, बोटीवर असतानाच, एकमेकांचे बक्कल कुठे आहे आणि ते कसे सुटते, हे हात लावून पाहून घ्या.