छोट्या शिडाच्या होड्यांची दुरुस्ती : चिकटद्रव्य व लांबीची निवड

हैदराबादचा हुसेनसागर, भोपाळचा मोठा तलाव, मुंबई व चेन्नईचा किनारा येथे नौकानयन शिकणारी मुले बहुधा ‘ऑप्टिमिस्ट’ होडीतून सुरुवात करतात. अमेरिकेतील क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये प्लायवूडसाठी आखलेली ही होडी आज प्रामुख्याने फायबरग्लासची असते. धक्क्यावर आपटून तिच्या कडा फुटतात, बुडाला चरे पडतात. अशा वेळी मोटारीच्या गॅरेजमधील लांबी भरून वर रंग देण्याचा मोह होतो. काम तासाभरात होते, परंतु ते टिकत नाही.

मोटारीच्या लांबीत पॉलिएस्टर राळेबरोबर शंखजिऱ्याची भुकटी मोठ्या प्रमाणात असते. ती पाणी शोषते, फुगते आणि रंगासकट सुटून येते. पाण्याखालच्या भागात ती वापरू नये. होडीच्या अंगाचे किमान वजन नियमानुसार अवघे ३५ किलो असल्याने शोषलेले पाणी वेगालाही मारक ठरते.

फायबरग्लासची होडी सामान्यतः पॉलिएस्टर राळेची असते. ही राळ स्वस्त असून एक-दोन टक्के उत्प्रेरकाने घट्ट होते. मात्र जुन्या, वाळलेल्या थरावर तिची पकड बेताचीच असते. इपॉक्सी महाग, पण जुन्या पॉलिएस्टरवर आणि लाकडावरही घट्ट बसते. म्हणून भेग आरपार गेली असेल, तर इपॉक्सीच घ्यावी. येथे एक अट ध्यानात ठेवावी लागते. पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालते, उलट क्रम मात्र भरवशाचा नाही. इपॉक्सीच्या जागेवर मूळचा चकचकीत जेलकोट पुन्हा नीट धरेलच असे नसल्याने तेथे रंग द्यावा लागतो. तो टाळताही येत नाही, कारण उघडी इपॉक्सी उन्हाने खराब होते. केवळ जेलकोटचा टवका उडाला असेल, तर जेलकोटनेच भरणे सोयीचे.

इपॉक्सीचे दोन भाग उत्पादकाने दिलेल्या प्रमाणातच मिसळावेत. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढविल्यास सांधा कायमचा मऊ राहतो. उन्हाळ्यात खोल डब्यातील मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून धुमसते. ते पसरट ताटलीत, थोडे थोडे करावे. दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणासारखा पापुद्रा येतो. तो आधी पाण्याने धुवावा, मग पॉलिश पेपर लावावा. क्रम उलटला तर मेण घासून आत जाते आणि पुढचा थर सुटतो. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात हा प्रकार नेहमीचा.

इपॉक्सीत काय मिसळावे, हे जागेवर येणाऱ्या ताणावरून ठरते. शिडाच्या काठीचा पाया किंवा सुकाणूच्या बिजागऱ्या बसतात तेथे सिलिकाची बारीक भुकटी अथवा कापसाचे तंतू घालावेत. सांधा दणकट होतो, घासायला मात्र घाम काढतो. पृष्ठभाग केवळ सपाट करायचा असेल, तर सूक्ष्म पोकळ गोळ्यांची भुकटी हलकी व घासण्यास सोपी असते. ती ताणाच्या जागी वापरणे धोक्याचे. आरपार भोक नुसत्या लांबीने बुजवू नये. कडा साधारण बारास एक अशा उताराने घासून काचकापडाचे थर द्यावेत.

धातूचे भाग बसविताना लागणारे सीलंट ही वेगळी बाब आहे. पॉलियुरेथेन इतके चिकटते की पुढे भाग काढताना जेलकोटही उखडतो. पुन्हा काढावे लागणारे भाग ब्यूटाइल पट्टीवर बसवावेत. सिलिकॉन शक्यतो टाळावे. त्याचा अंश राहिलेल्या जागेवर नंतर ना रंग धरतो, ना चिकटद्रव्य.

काही शिकाऊ होड्या साच्यात ओतलेल्या पॉलिथिनच्या असतात. त्यांवर यांपैकी काहीच विश्वासाने चिकटत नाही. त्याच प्लास्टिकच्या कांडीने उष्णता देऊन जोड द्यावा लागतो.